बोंडअळीचा सत्कार

खुशालरावांनी आपली सारी नोकरी कृषी खात्यात बोंडअळीचा नायनाट करण्यात घालवली, आणि त्यांच्या एकुलत्या एका पोरीने त्याच बोंडअळीचं नाव जर्मनीपर्यंत पोचवलं.

हे जरा सावकाश सांगायला हवं, कारण वाचणारे सगळेच कापसाच्या मुलखातले नसतील आणि सगळ्यांच्या घरी ड्रम वाजवणारी मुलगीही नसेल. कापसाच्या बोंडात शिरून आतली सरकी खाणारी गुलाबी अळी, ती बोंडअळी. बोंड बाहेरून ठणठणीत दिसतं, आत काही उरलेलं नसतं. आपल्या पिढीचंही नेमकं हेच झालं आहे, असं अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या चौघांना निकालाच्या दिवशी वाटलं आणि त्यांनी आपल्या बँडचं नाव ‘बोंडअळी’ ठेवलं. गाणारा सागर परतवाड्याचा. घरच्या जीपवर सवाऱ्या हाकारता हाकारता त्याचा आवाज असा तयार झाला की त्याला माइक द्यावा की असलेला काढून घ्यावा, हे साउंडवाल्यांना अजून ठरवता आलेलं नाही. गिटारवाला अंकुर वरूडच्या संत्रा बागायतदाराचा. बँडचं सामान बरीच वर्षं संत्र्याच्या क्रेटांतून हिंडलं. बेस गिटार अकोल्याच्या रागिणीकडे, आणि ड्रमवर खुशालरावांची वर्षाली.

हे वाजवतात त्याला ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणतात. म्हणजे काय, ते वर्षालीने वडिलांना एकदा समजावून सांगितलं होतं. “बाबा, साधा रॉक सुरुवातीपासूनच जोरात असते. आमचा आधी हळू असते. ऐकणारा ‘काय म्हणून राहिले हे?’ म्हणत जवळ सरकला, की मंग जोरात.” खुशालरावांना व्याख्या पटली. त्यांचे जुने साहेब मेमो याच पद्धतीने देत.

बँडची पहिली हजेरी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये झाली. त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, तेही प्रकाशयोजनेसाठी, आणि प्रकाशयोजना त्यांची नव्हती. पुढे दर्यापूरला वर्षालीच्या मामांच्या रिकाम्या कापूस-गोडाऊनमध्ये त्यांनी पहिला अल्बम केला. गोडाऊनला खिडकी नव्हती म्हणून आवाज घुमला. बंगळुरूच्या एका समीक्षकाने त्या घुमण्याला ‘ग्रामीण पोकळीचा विदारक नाद’ म्हटलं आणि मामांनी भिंतीत खिडकी पाडायचा बेत कायमचा सोडला. मग ‘काहून बे’, म्हणजे ‘का रे’, हे गाणं आलं. त्यात एक पोरगा सगळ्यांना एकच प्रश्न विचारत जातो. कंपनीला, मुलीच्या बापाला, मोबाइलवाल्यांना, शेवटी आरशाला: काहून बे? मराठीचा एक शब्द न कळणारी हजारो पोरं शिलाँगपासून कोचीनपर्यंत हात वर करून ‘काहून बे’ ओरडू लागली. त्यानंतर बड्या बँडच्या आयुष्यात जे जे व्हावं लागतं ते रीतसर झालं. दुसरा अल्बम पडला. जुने चाहते म्हणाले, आता ते पहिल्यासारखे राहिले नाहीत. सागर आणि अंकुर यांचं बोलणं बंद झालं, ते दिवाळीच्या फराळावर पुन्हा सुरू झालं. तिसऱ्या अल्बमला मोठं पारितोषिक मिळालं आणि मंडळी बर्लिनला वाजवून आली. एवढं होईपर्यंत अमरावतीने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पुण्याच्या पेपरात फोटो आला, तेव्हा मात्र ही पोरं आपलीच आहेत हे अमरावतीला एका सकाळीच आठवलं.

आणि खुशालरावांनी त्यांना प्रत्यक्ष कधीच ऐकलं नव्हतं. त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी नागपुरात, कानात कापूस घालून का होईना, ऐकलं होतं. खुशालराव मात्र पोरीचं सगळं यश मोबाइलवर ऐकत आले होते, आणि त्यांच्या मोबाइलमधून ड्रमचा आवाज असा येई की जणू कोणी डब्यातले फुटाणे हलवून बघतं आहे. आपल्या मुलीने जगाला नेमकं काय ऐकवलं, हे जगाला माहीत होतं. आपल्याला नाही, ही गोष्ट त्यांना आतून खात होती. बोंडाचंच उदाहरण पुन्हा द्यायचं नाही, पण तसंच.

म्हणून वर्षालीचा फोन आला तेव्हा ते उभेच राहिले.

“बाबा, रविवारी आमचा अकोल्याले शो आहे, तिकिटाचा. शनिवार खाली आहे. आपल्या कॉलनीच्या मैदानात वाजवतो. फुकट. तुमी समोर खुर्ची टाकून बसा.”

“हाव, बसतो ना!”

“पण एक गोष्ट. सत्कार नाही पाह्यजे. भाषण नाही पाह्यजे. आमी येऊ, वाजवू, जेवू. मागं एका गावी सत्काराचा नारळ अंकुरच्या गिटारवर पडला होता. गिटार अजून दवाखान्यात आहे.”

“अवं, मी काय पोट्टा आहो का? काहीच नाही होत. शब्द देतो तुले.”

शब्द देताना खुशालराव खरोखरच प्रामाणिक होते.

दुसऱ्या दिवशी ते लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात गेले. खिडकीमागच्या हवालदाराने विचारलं, “कशाचा कार्यक्रम?”

“गाण्याचा.”

“धार्मिक का राजकीय?”

“दोन्ही नाही.”

“लगन?”

“नाही.”

“मंग ‘इतर’मधे जाते. ‘इतर’ले लय कागद लागते काका. मंडळाचं नाव?”

खुशालरावांनी नाव सांगितलं. हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग तो, आपण थट्टा खपवून घेत नाही अशा सुरात म्हणाला, “हे शेतकी खात्याचं दिसते. तिकडून ना-हरकत आणा.”

खुशालराव आपल्याच जुन्या कचेरीत गेले. तिथे आता त्यांच्या हाताखाली शिकलेले पुंजाराम साहेब झाले होते. पुंजारामांनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. ज्या बाकावर खुशालरावांनी हयातभर शेतकऱ्यांना बसवलं, तो इतका डुगडुगतो हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. चहा आला, तो पुंजारामांसाठी. दुपारनंतर पत्र मिळालं: ‘सदर बोंडअळीपासून शहरी भागातील पिकास धोका संभवत नसल्याने या कार्यालयाची हरकत नाही.’

ते घेऊन ते परत गेले, तर हवालदार म्हणाला, “हे ठीक आहे. पण आता शांतता समितीचं पाह्यजे.”

त्या संध्याकाळी ते फाटकाशी उभे असताना शेजारचे देवानंदजी आले. देवानंदजी बँकेतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून सूत्रसंचालन करत. शहरातलं कुठलंही सभागृह त्यांच्या चारोळीतून सुटलेलं नव्हतं. सगळं ऐकून ते हसले.

“खुशालराव, तुमी पण काय राजा! ‘भजनसंध्या’ लिवा. एका सहीत काम.”

“पण भजन कुठं आहे?”

“माणिकबाईचं मंडळ आहे ना! दोन भजनं म्हणतीन, बसतीन. मंग तुमचे पोट्टे वाजवतीन. कागद खुश, तुमी खुश.”

मार्ग अगदी सरळ दिसला. बिघडलेल्या सगळ्या कामांचे मार्ग सुरुवातीला असेच सरळ दिसतात.

माणिकबाई तयार झाल्या, पण म्हणाल्या, “आमच्या बायाइले नुसतंच पेटीसकट चटईवर नका बसवू. एक एक फूल तं द्या. मागच्या मंडळानं साडी देल्ली होती.” आता फूल म्हणजे काही सत्कार नव्हे, असं खुशालरावांनी स्वतःला समजावलं. पण फूल द्यायचं तर देणारा हवा. माजी नगरसेवक नत्थुजींनी मैदानावरचं स्टेज फुकट दिलं होतंच. तेव्हा अध्यक्ष तेच. अध्यक्ष आहेत म्हटल्यावर प्रमुख पाहुणा लागतो. खुशालरावांना अचानक डुगडुगता बाक आठवला. पोरीचा कार्यक्रम बघू दे की त्यालाही! त्यांनी पुंजाराम साहेबांना बोलावलं. पाहुण्यासाठी शाल आली. शाल आली म्हणून नारळ आला. नारळ आला म्हणून तो ठेवायला ताम्हण आलं, आणि ताम्हण रिकामं दिसतं म्हणून समई आली.

“तुमी पोरीले काय शब्द देल्ला होता?” कौशल्याबाई वाती वळता वळता म्हणाल्या.

“तिचा सत्कार कुठं करून राहिलो? हे तं बाकीच्याइचे आहेत.”

“हाव. तिचा तेवढा राह्यला.”

पत्रिका छापून आली. वर नत्थुजी, त्यांच्या खाली पुंजाराम साहेब, मग विशेष उपस्थिती, मग प्रेरणास्थान, मग माणिकबाईंचं मंडळ, सूत्रसंचालकाचं नाव ठळक, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात: ‘तसेच गायन-वादन’. बर्लिनमध्ये ज्यांच्या नावाची पाटी रस्त्याच्या पलीकडून वाचता येत होती, त्यांना स्वतःच्या गावात ‘तसेच’मध्ये जागा मिळाली. ती मिळाली हेही काही कमी नव्हे, असं देवानंदजींचं मत पडलं, कारण जागा कमी होती.

शनिवारी दुपारी बँड आला. चौघांनी स्टेजकडे पाहिलं. स्टेजवर दोन सोफे, मागे खुर्च्यांची रांग, पुढे समई.

“बाबा,” वर्षाली हळूच म्हणाली, “ड्रम कुठं ठेवू?”

खुशालराव गोंधळले. नत्थुजींनी तोडगा काढला, “सोफ्यामागं ठेव ना बाई. आवाज तं येतेच, दिसाची काय गरज?”

सागर काही बोलणार होता. वर्षालीने त्याच्या दंडाला धरलं. “राहू दे बे. बाबानं पह्यल्यांदा काही केलं आहे.” हे वाक्य खुशालरावांना ऐकू आलं, आणि ते आशीर्वादासारखं वाटावं की आरोपासारखं, हे त्यांना ठरवता येईना.

संध्याकाळी मैदान भरलं. पुढच्या दोन रांगांत कॉलनी आणि मागे, थेट रस्त्यापर्यंत, काळे टी-शर्ट घातलेली शेकडो पोरं. ती यवतमाळ, धामणगाव, कुठून कुठून आली होती. माणिकबाईंच्या मंडळाला दोन भजनं सांगितली होती. पण समोर एवढा तरुण समाज शांतपणे बसलेला त्यांनी जन्मात पाहिला नव्हता; त्यांना भरून आलं आणि त्या थांबेनात. दर भजनाला मागची पोरं नम्रपणे टाळ्या वाजवत आणि माणिकबाई नम्रपणे आणखी एक घेत. मग समई पेटेना, कारण पंखा नत्थुजींच्या दिशेने लावला होता आणि तो बंद करायची कोणाची छाती होईना. मग स्वागत, प्रास्ताविक, परिचय. प्रत्येक शालीमागे देवानंदजींची एक चारोळी. तिला दाद कमी पडली तर तीच पुन्हा.

नत्थुजी उठले आणि माइकला दोन टिचक्या मारून म्हणाले, “या बोंडअळीनं आपल्या जिल्ह्याचं नाव सातासमुद्रापार नेलं! मी तं म्हणतो, अशी बोंडअळी घरोघरी पैदा व्हावी!” दुसऱ्या रांगेतले दर्यापूरचे दोन शेतकरी उठून निघून गेले.

पुंजाराम साहेब बोलले. त्यांनी कार्यक्रमाला ना-हरकत स्वतः दिल्याचं तीनदा सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, “खुशालराव आमच्याकडे होते. साधा माणूस. फारसं काही जमलं नाही त्यांना, पण मुलीनं भरून काढलं.”

सभेत हशा पिकला. खुशालराव पहिल्या रांगेत, समोर टाकलेल्या त्या खुर्चीवर होते.

नेमकं तेव्हाच देवानंदजींनी पुकारलं, “आणि आता ज्यांनी हे रत्न घडवलं, ते माझे शेजारी खुशालराव! शाल स्वीकारून त्यांनी दोन शब्द बोलावे, ही नम्र विनंती.”

आता नीट पाहा. सोफ्यामागून वर्षाली वडिलांकडे बघत होती. तिने मान अगदी थोडी हलवली: नको. घड्याळात अजून वेळ होता. तिच्या बँडची तीन गाणी सहज झाली असती. खुशालरावांनी ती मान पाहिली. आणि त्याच वेळी त्यांनी सोफ्यावर पाय पसरून बसलेले पुंजाराम साहेबही पाहिले. त्यांनी शाल घेतली आणि माइकही घेतला.

“फारसं काही जमलं नाही, असं साहेब म्हणाले,” त्यांनी सुरुवात केली. “तर बोंडअळी म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ.”

आणि त्यांनी ते समजावून सांगितलं. मादी अंडी कुठे घालते इथपासून. अळी बोंडात कशी शिरते, बारीक छिद्र मागून कसं बुजतं, कोष कुठे होतो, पतंग संध्याकाळी का उडतो. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून घेणारे कामगंध सापळे कसे लावावेत, आणि कोणत्या साली कोणत्या साहेबाने ते लावू दिले नाहीत. बोलता बोलता नोकरीतला एकेक अपमान वर येत गेला. इतका चांगला तो विषय त्यांनी आयुष्यात कधी मांडला नव्हता. मागच्या रांगेतली काही पोरं तर टिपणंही घेऊ लागली. त्यांना वाटलं, हे नव्या अल्बमचंच काहीतरी आहे.

“...म्हणून कापूस वेचणी झाल्यावर वाळलेली झाडं, पऱ्हाट्या, शेतात ठेवू नका!” खुशालराव धापा टाकत म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुंजाराम साहेब खाली मान घालून बसले होते. खुशालरावांना विजयाने भरून आलं. “आणि आता,” ते म्हणाले, “माझी मुलगी वर्षाली.”

चौघे उठले. अंकुरने गिटारची वायर जोडली, वर्षालीने काठ्या उचलल्या. तेवढ्यात परवानगीच्या खिडकीतला हवालदार स्टेजच्या पायरीवर चढला आणि त्याने मनगट पुढे केलं.

“दहा वाजले काका. भजन बंद करा.”

मागची पोरं ओरडू लागली, “काहून बे! काहून बे!” हवालदाराला तो प्रश्न आपल्याला वाटला आणि मग विनंतीलाही जागा उरली नाही. साउंडवाल्याने बटण दाबलं. आभारप्रदर्शन मात्र पूर्ण झालं, कारण देवानंदजींना माइक लागत नाही.

घरी वर्षाली मुकाट्याने जेवली. भांडली असती तर खुशालरावांना बरं वाटलं असतं. तिने फक्त ताट उचलताना म्हटलं, “बाबा, तुमी बोलले मात्र मस्त.”

“वर्षाली, मी...”

“झोपा आता. थकले तुमी.”

सकाळी ते उठले तेव्हा गाडी अकोल्याला गेलेली होती. ‘तुमीही या’ असं कोणी म्हणालं नव्हतं. खुशालराव दुपारपर्यंत पेपर उलटा-सुलटा करत बसले. मग उठले आणि त्यांनी पायांत चपला सरकवल्या.

“अकोल्याले जाता ना?” कौशल्याबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं. “जा. पण तिथं कोणी माइक देल्ला तं हात मागं बांधा.”

फाटकाशी देवानंदजी उभेच. “कुठं निघाले?”

“अकोला.”

“आपल्या पोरीच्या शोले? अरे वा! तिथं माझे साडू सूत्रसंचालन करतात. आत्ता फोन लावतो. ‘वडील येऊन राहिले’ म्हणून सांगून ठेवतो!”

“नका सांगू देवानंदजी! हात जोडतो!”

“ह्यॅ! तुमचा हा साधेपणाच...” म्हणत देवानंदजींनी फोन कानाला लावला.

अकोल्यात शो एका लॉनवर होता. तिथल्या गेटवर एका पोरीने खुशालरावांना अदबीने अडवलं. “काका, लगन बाजूच्या लॉनले आहे.”

“मले इथंच यायचं आहे.”

तिने त्यांना नखशिखांत पाहिलं, तिकीट दिलं आणि मनगटाला कागदी पट्टा बांधला. आत खुर्च्या नव्हत्या. आपली पोरगी जिथे वाजवते तिथे लोक उभे राहतात, हे खुशालरावांना आजच कळलं. ते गर्दीत घुसत घुसत पुढे गेले. स्टेज बघून त्यांना हायसं वाटलं. सोफा नव्हता. समई नव्हती. मधोमध, सगळ्यांना दिसेल असा, ड्रम होता आणि त्यामागे वर्षाली बसलेली होती. सागर, अंकुर, रागिणी आपापल्या जागी. दिवे मंद झाले.

आणि एक गृहस्थ जाकीट घालून माइकवर आले.

“रसिकहो! सुरुवातीला एक गोड बातमी! ज्या पित्याच्या पोटी हे रत्न जन्माला आलं, ते आदरणीय खुशालराव अमरावतीहून खास आपल्यात दाखल झाले आहेत! त्यांनी मंचावर यावं, शाल-श्रीफळ स्वीकारावं आणि आपल्या ओघवत्या वाणीत दोन शब्द...”

गर्दीने माना वळवल्या. शाल घेतलेले दोघे जण स्टेजवरून खाली उतरले आणि पांढऱ्या केसांचा माणूस शोधू लागले. त्या गर्दीत पांढऱ्या केसांचा माणूस एकच होता.

शेजारच्या मुलीने विचारलं, “काका, तुमीच तं नाही ना?”

खुशालरावांनी स्टेजकडे पाहिलं. वर्षालीने त्यांना बघितलं होतं. तिचे हात काठ्यांसकट मांडीवर उतरले होते, आणि चेहऱ्यावर कालचीच ती मुकाट थकलेली समजूत होती.

“मी?” खुशालराव म्हणाले. “मी तं लगनाले आलो होतो. चुकून घुसलो इकडं.”

शालवाले अगदी जवळ आले. “खुशालराव कोण आहे इथं? खुशालराव?”

मग खुशालरावांनी पाठ फिरवली, टाचा उंचावल्या, दोन्ही हातांचा कर्णा करून तोंडाशी धरला आणि मागच्या गर्दीकडे बघून तेही शालवाल्यांबरोबर ओरडू लागले, “खुशालराव! ओ खुशालराव! कुठं आहा हो?”

“कोण हा भला माणूस, लपून बसला,” शालवाला वैतागून म्हणाला.

“येडा असन,” खुशालराव म्हणाले. “तिकडं मागं पाहा, पाण्याच्या टँकरपाशी.” शालवाले टँकरकडे धावले.

स्टेजवर वर्षाली पुढे वाकली आणि तिने सागरचा माइक आपल्याकडे ओढला. तिचा आवाज हसू दाबल्यासारखा येत होता.

“माझे बाबा आले नाहीत. ते अमरावतीले आहेत. तुमची शाल घरी पोचवून द्या.”

जाकीटवाले गृहस्थ हिरमुसले, तरी धीर सोडणारे नव्हते. “तर मग त्यांच्या गैरहजेरीत त्यांच्याविषयी मीच दोन शब्द...” ते म्हणू लागले. रागिणीच्या बेसवर लांब कुठेतरी ट्रॅक्टर सुरू व्हावा तसा एक सूर निघाला. हळू. फारच हळू. काय म्हणून राहिले हे? खुशालराव नकळत एक पाऊल पुढे सरकले.

वर्षालीने काठ्या वर उचलल्या. मागे टँकरपाशी कोणीतरी अजून त्यांच्या नावाने हाका मारत होतं, आणि मग ते नाव कोणालाच ऐकू आलं नाही, खुशालरावांनाही नाही.